पेंडीचा बैल

मी आयुष्यात एकच शिल्प घडवलं आणि ते बैलांनी खाल्लं.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. खाल्लं ते अगदी मन लावून खाल्लं, शिंगं तेवढी ठेवली (ती लाकडाची होती). पण झालं कसं ते एकदा नीट सांगायला हवं. आमच्या विट्यात अजून ही गोष्ट जो तो आपापल्या सोयीनं सांगतो, आणि दरवेळी मी त्यात आधीपेक्षा जास्त वेडी ठरते.

मी सांगलीची. शाळेत चित्रकलेत पहिली, गल्लीत रांगोळीत पहिली, आणि शाडूचे गणपती असे करायची की शेजारपाजारचे बाजारातून आणायचे बंद झाले होते. दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा माझं लग्न झालं आणि मी विट्याला आले. सासरी पेंडीचं दुकान! शेंगांचं नि सरकीचं तेल काढून उरलेला चोथा, गुरांचं खाद्य. पोत्यांच्या त्या राज्यात कलेला जागा कुठली? जागा एकच होती. दुकानाची रस्त्याकडची लांबलचक पांढरी भिंत. लग्नाची वरात दारात आली तेव्हा सगळे नव्या नवरीकडे बघत होते आणि नवरी भिंतीकडे बघत होती.

मी मामंजींना विचारलं, "मामंजी, भिंतीवर चित्रं काढू का? दुकानाची जाहिरात होईल."

"भिंत हाय ती," मामंजी म्हणाले. "चुना लागला की झालं."

संपला विषय. आमच्या मामंजींचं बोलणं त्यांच्या तराजूसारखं, एकदा काटा थांबला की थांबला.

पण बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, जवळ आला आणि काटा हलला. कारण समोरचे बाबूशेठ! त्यांचंही पेंडीचंच दुकान. आदल्या बेंदराला त्यांनी कर्णा लावला, माणसांना सरबत आणि बैलांना रंगीत गोंडे फुकट वाटले. सगळी मिरवणूक त्यांच्या दारात थांबली आणि आमच्याकडं पाठ करून सरबत प्याली. मामंजींना ती पाठ वर्षभर दिसत होती.

रात्रीचं जेवण चाललं होतं. मामंजी म्हणाले, "औंदा काय करावं?"

मी वाढता वाढता म्हणाले, "बैल करू या."

"बैल हायती की. गावभर हायती."

"तसे नाहीत. आपल्या पेंडीचाच बैल करू. खऱ्याएवढा! दुकानापुढं उभा करू. अख्खं विटं बघायला थांबेल."

सगळे जेवायचे थांबले. आमच्या ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी दुकान विकायला काढलंय. पण मामंजींनी बोटं चाटली आणि म्हणाले, "सूनबाई, लोक बाबूचं दार सोडून आपल्या दारात थांबलं, तर भिंत तुमची. न्हाई थांबलं, तर पुन्हा चित्राचं नाव काढायचं न्हाई. रांगोळी काढायची ती तुळशीपुढं."

मला रात्रभर झोप आली नाही. भिंत! माझी भिंत!

दुसऱ्या दिवसापासून परसात काम सुरू झालं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आत कडबा ठासलेला, वरून गोणपाट. त्यावर भिजवलेली शेंगपेंड थापायची. पण पेंड काही धरेना! थापली की घसरली, थापली की घसरली. मी रडकुंडीला आले.

सासूबाई बघत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "अगं, गुळाचं पाणी घाल की. चिकटून बसंल."

घातलं. काय चिकटली म्हणता! वशिंड उभं राहिलं, गळ्याखालची पोळी लोंबली, मान वळली. मी आनंदानं तिथंच फुगडी घातली (एकटीनं. आत्याबाई नको म्हणाल्या).

मग हे आले. दोन्ही हात मागं बांधून बैलाला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "बरं हाय. पर आपल्याकडं खिल्लार. खिल्लार पांढरा असतोय. ह्यो गुळाच्या ढेपंसारखा दिसतोय."

"चुना लावू?"

"चुन्यानं पेंड खराब हुतीया. ज्वारीच्या पिठाची पेज लाव. पांढरीफेक हुईल."

लावली. दोन हात दिले. बैल असा उजळला की बघत राहावं! मग पाऊसपाण्याचे दिवस म्हणून माझ्या मनात आलं, हे सगळं आंबलं तर? मामंजींना विचारलं. त्यांनी तिसऱ्या पिढीच्या व्यापाऱ्याला शोभेल अशा गांभीर्यानं उत्तर दिलं, "मीठ मारा. मिठात काय आंबत न्हाई."

मारलं. चांगलं पसापसा मारलं.

आता हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल की पेंड, गूळ, पीठ आणि मीठ एकत्र केलं की त्याला आंबोण म्हणतात, आणि दुभत्या म्हशीला खूश करायला ते पाटीत घालून पुढ्यात ठेवतात. आमच्या लक्षात आलं नाही. तीन पिढ्या गुरांचं खाद्य विकणाऱ्या घरात एकाच्याही लक्षात आलं नाही!

आणि सूचना मिळाली नव्हती असंही नाही. परसातली आमची म्हैस रोज ओरडत होती. दावं ताणून, मान लांब करून, बैलाकडं बघून अखंड ओरडत होती. वैरण खाईना, पाणी पिईना.

"म्हशीला नजर लागली," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरून टाकल्या. म्हैस ओरडतच राहिली. बिचारी आपल्या परीनं आम्हांला समजावत होती!

बेंदराचा दिवस उजाडला. आता बैल ठेवायचा कुठं यावर चर्चा झाली. आमचं दुकान वेशीच्या अगदी आत. बेंदराला वेशीत आंब्याच्या पानांची जाड दोरी आडवी बांधतात, तिला कर म्हणतात. मानाचा बैल पळत येऊन ती तोडतो आणि त्याच्यामागून गावातले सगळे बैल वेशीतून आत येतात.

मी म्हणाले, "सगळ्यांची नजर त्या करावर असते. मग बैल बरोब्बर त्याच्यासमोर ठेवू."

"डोस्कं हाय सूनबाईला!" मामंजी म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक.

बैल उभा राहिला. डोळ्यांच्या जागी काळ्या गोट्या, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. आणि लोक जमले हो! बाबूशेठचा कर्णा कोकलत होता, सरबत गरम होत होतं आणि माणसं आमच्या दारात!

"आयला, जिता वाटतोय की रं!"

"कुणी केलाय?"

"थोरल्या सुनंनं. सांगलीची हाय."

"लय भारी गड्या!"

मी दाराआडून ऐकत होते आणि मनातल्या मनात भिंतीवर रंग भरायला सुरुवात केली होती. डाव्या कोपऱ्यात मळा, मध्ये मोट, उजवीकडं सूर्य.

तेवढ्यात ताशा कडाडला. मानाचा बैल तात्यांचा, नाव हिऱ्या. पुरणपोळ्या खाऊन तुकतुकीत झालेला. आला तो वाऱ्यासारखा! कर तुटला, लोकांनी आरोळी ठोकली, हिऱ्या वेशीतून आत आला आणि जागच्या जागी थांबला. नाकपुड्या फुगल्या. तोंड वर झालं.

तात्या म्हणाले, "चल की रं!"

हिऱ्या चालला. सरळ आमच्या बैलाकडं. सगळ्यांना वाटलं, आता टक्कर! बायका मागं पळाल्या. हिऱ्यानं माझ्या बैलाच्या मानेवर हळूच तोंड टेकलं, जुना भाऊ भेटावा तसं, आणि मान चाटली. मग गालफडाचा एक मोठा लचका तोडला.

"आवं तात्या, धरा त्याला!" मी पदर खोचून बाहेर आले. नवी सून भर मिरवणुकीत! पण माझ्या बैलाचं तोंड गेलं होतं, माझ्या तोंडाची कोण काळजी करतो?

तात्यांनी कासरा ओढला. हिऱ्या हलला नाही. मागून दुसरा बैल आला, त्यानं वशिंड धरलं. तिसऱ्यानं मांडी. मग तर वेशीतून बैल येत होते आणि पंगतीला बसावं तसे चारी बाजूंनी लागत होते! मालक ओरडत होते, कासरे एकमेकांत अडकत होते, ताशेवाल्याला काही न कळून त्यानं जोर वाढवला होता. हे मध्ये घुसले, झूल सोडवायला. झुलीचं एक टोक ह्यांच्या हातात आणि दुसरं कुणाच्यातरी पांढऱ्या बैलाच्या तोंडात. आणि परसातली म्हैस! तिनं दावं तोडलं, दुकानातून पोती पाडत आली आणि शेपटाकडून सुरुवात केली. पहिला हक्क तिचाच होता म्हणा.

ह्यांना तेव्हा उजेड पडला. झूल ओढता ओढता ओरडले, "अगं, ह्यो पुतळा न्हवं! आंबोण झालंय ह्येचं, आंबोण!"

बघता बघता कडबा उघडा पडला. तोही खाल्ला. शेवटी उरल्या चार कामट्या आणि दोन शिंगं. मी दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. बैल गेल्याचं दुःख होतंच, पण डोळ्यांपुढून भिंत चालली होती.

तात्या हिऱ्याचं तोंड पुसत मामंजींकडं आले. मला वाटलं, आता भांडण.

"आवं, ही पेंड कोणची?" तात्या म्हणाले. "दुपारी ह्यानं पुरणपोळी अर्धी टाकली. आन् ह्ये बघा, अजून जीभ चाटतोय!"

मामंजींच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. खाकरून म्हणाले, "आमचीच हाय. नवीन काढलीया. उद्या या."

"आन् करतं कोण?"

"सूनबाई."

गर्दी पांगल्यावर मी डोळे पुसत विचारलं, "मामंजी, भिंत?"

हे मध्येच म्हणाले, "लोक कुठं थांबलं? बैल थांबलं. बैल हलंनात म्हणून लोक थांबलं."

मामंजींनी उरलेली दोन शिंगं उचलून काखेत मारली. "थांबलं न्हवं?" ते म्हणाले. "मग भिंत सूनबाईची."

त्या क्षणी मी त्यांच्या पायाच पडले. इतका आनंद मला पुढं मुलं पास झाली तेव्हासुद्धा झाला नाही.

दुसऱ्या सकाळी दुकानापुढं रांग लागली आणि मी घमेल्यात गूळ-पेंड कालवायला बसले. ती कालवत पुढची कित्येक वर्षं बसले होते. सांगलीच्या मैत्रिणी विचारायच्या, "कला चालू आहे ना गं?" मी कोपरापर्यंत बरबटलेले हात दाखवायची.

भिंत मात्र मी रंगवली! मळा, मोट, सूर्य, आणि मधोमध पांढराशुभ्र खिल्लार. रंग टिकावा म्हणून त्यात ज्वारीच्या पिठाची खळ घातली. आत्याबाईंनीच सुचवलं. आठवडी बाजार भरला, शेळ्या-मेंढ्या आल्या, आणि संध्याकाळपर्यंत कमरेएवढ्या उंचीचं चित्र स्वच्छ चाटून झालं. सूर्य तेवढा उरला, त्यांचं तोंड तिथवर पोचत नव्हतं.

आमचे हे माझी कुठलीही कलाकृती बघून आजही "बरं हाय" एवढंच म्हणतात. बाकी माझ्या कलेला आजवर ज्यांनी ज्यांनी मनापासून दाद दिली, त्या सगळ्यांना चार पाय होते.