पूजेतलं टोपण

खंडेनवमीच्या दुपारी माझ्या मोठ्या भावाच्या कॉम्प्युटरमधली हार्डडिस्क बंद पडली. त्याच्या दोन महिने आधी सोलापूरच्या एका दवाखान्यात त्याचं स्वरयंत्र काढलं होतं. तेव्हापासून त्याचा आवाज फक्त त्या डिस्कवर होता.

दादा बीडमध्ये रिक्षावरच्या जाहिराती बोलायचा. त्या वर्षांत शहरात नवी दुकानं निघत होती, टीव्ही-फ्रिजची शोरूम आली होती, कोचिंग क्लासच्या पाट्यांनी गल्ल्या भरल्या होत्या. प्रत्येकाला भोंगा लागायचा. दादा माडीवरच्या खोलीत बोलायचा, कॅसेट तयार व्हायची आणि रिक्षा बसस्टँडपासून पेठेपर्यंत फिरायची. लोक त्याला तोंडावरून ओळखत नसत. बोलला की वळून बघत.

घशातली गाठ कर्करोगाची निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत दादा सकाळ-संध्याकाळ माइकपुढे बसून शब्द भरत होता. आकडे, वार, जिल्ह्यातली गावं, मालाची नावं, "भव्य सवलत", "स्टँडच्या समोर", "आजच भेट द्या". हे तुकडे पुढे जोडून नव्या जाहिराती करायच्या, असा त्याचा बेत होता. वहिनी चहा घेऊन वर गेली तेव्हा तिनं विचारलं, घरातलं बोलणं कधी भरणार? दादा म्हणाला, "तुझ्यासाठी मशीन कशाला? तू मला कधी बोलू देतीस?"

ती हसली, पण चहाचा कप तिथंच ठेवून बसून राहिली. त्या संध्याकाळी त्यानं घरातलंही भरलं. मुलीला मारायच्या हाका, वहिनीला मारायच्या हाका, आणखी काही. त्याचं वेगळं फोल्डर केलं. त्यात काय काय होतं, हे आम्हाला कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात वरच्या कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला. दुरुस्तीवाल्यानं डिस्कला कान लावला. त्यानं सांगितलं की ही चालू आहे तोवर चालू ठेवा. बंद केली तर पुन्हा फिरेल याची खात्री नाही. काढू नका, हलवू नका. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं उतरवून घ्या. आपण दसऱ्यानंतर येतो, असं म्हणून तो उमापूरला सासुरवाडीला गेला. तिथला फोन नंबर कुणाकडे नव्हता.

दुसरा कॉम्प्युटर खालच्या खोलीत होता. मी त्यावर वर्तमानपत्राच्या बातम्या टाइप करायचो. दोन्ही यंत्रांना जोडणारी काळी केबल जिन्याच्या खिडकीतून खाली आणलेली होती. खालच्या यंत्रावर वरचं फोल्डर एखाद्या ड्राइव्हसारखं दिसायचं. फायली उतरवायला खाली तेवढी जागा नव्हती. ती मोकळी करण्यात दोन दिवस गेले. खंडेनवमीला सकाळी जागा तयार झाली. पूजा आटोपून काम सुरू करायचं ठरलं.

आमच्या घरी खंडेनवमीची पूजा वडील करत. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांची एक रीत होती. जे अवजार पाटावर मावत नाही, त्याचा एखादा सुटणारा भाग काढून पूजेत ठेवायचा. शिलाई मशीनची बॉबिन, सायकलच्या घंटीची वाटी, कुलपाऐवजी किल्ली. पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही. त्या दिवशी अवजाराला विश्रांती.

दुपारी मी खालचा कॉम्प्युटर सुरू केला. ड्राइव्हवर लाल फुली होती. उघडायला गेलो तर मार्ग सापडत नाही, असा संदेश आला. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पासवर्ड पुन्हा टाकला. वर जाऊन फोल्डरचं शेअरिंग तपासलं. ते चालू होतं. उंदरांनी केबल कुरतडली असेल म्हणून ती जिन्यापासून खिडकीपर्यंत हातानं चाचपली. ती अखंड होती. खाली आल्यावर फुली तशीच. वीज होती. वरून टकटक ऐकू येत होती आणि आता दोन टकटकींमधलं अंतर कमी झालं होतं.

दादा वरच्या खोलीत कॉटवर पडून होता. गळ्यावरच्या भोकावर ओलं फडकं होतं. बोलायचं ते तो पाटीवर लिहायचा. मी तिसऱ्यांदा वर गेलो तेव्हा तो उठला. त्याच्या यंत्रामागच्या जोडावर एका बाजूला केबल होती आणि दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण. त्यानं टोपणावर बोट ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "खालचं?"

मी खाली जाऊन यंत्र भिंतीपासून ओढलं. जोडाची दुसरी बाजू उघडी होती. केबलच्या दोन्ही टोकांना टोपण असल्याशिवाय एका यंत्राला दुसरं दिसत नाही, हे दादाला माहीत होतं. घरात बाकी कुणाला माहीत नव्हतं.

आण्णा ओसरीवर पान लावत होते. यंत्राला कुणी हात लावला का, असं मी विचारलं.

"वरच्या मशीनला हात लावू नका म्हनलात. म्या लावला न्हाई," आण्णा म्हणाले. "खालचं बंद होतं. त्याचं टोपन पूजेत ठिवलंय."

मी त्यांना अडचण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. वरून टकटक चालूच होती, तीही त्यांना ऐकू येत होती. पोराचं दुखणं सरलेलं नाही, अशात पूजा मोडायची नाही, असं ते म्हणाले. एका रात्रीचा प्रश्न आहे, सकाळी उत्तरपूजा लवकर करू. मी पुन्हा सांगायला लागलो तेव्हा त्यांनी पानाचा डबा बंद केला.

"पूजेतलं उद्याच उटंल."

वहिनी दारात उभी होती. ती देवघरात गेली. पाटावर झेंडूची फुलं होती. ती तिनं बाजूला केली. कात्री, कापड मोजायचा गज, माइक, बॉबिन यांच्यामध्ये टोपण होतं. त्याला दूध आणि हळदकुंकू लागलेलं होतं. तिनं ते उचललं, पदरानं आतून-बाहेरून पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"भावजी, बसवा."

आण्णा उठून दुकानाकडे गेले. दुकान त्या दिवशी बंद होतं.

मी टोपण पुन्हा एकदा कोरडं केलं, बसवलं आणि यंत्र सुरू केलं. फुली गेली. ड्राइव्ह उघडला, वरची चारही फोल्डर दिसली. आकडे आणि वार, गावं, माल, घर. एका वेळी एकच उतरवायचं होतं, म्हणजे डिस्कवर ताण कमी पडेल. आधी कोणतं घ्यायचं, हे विचारायला मी वर गेलो. वहिनी माझ्या मागे आली.

दादानं पाटी घेतली. लिहिण्याआधी त्यानं वहिनीकडे पाहिलं. मग लिहिलं, "आधी धंदा." पाटी वहिनीच्या बाजूला वळलेली होती. तिनं वाचलं आणि ती कॉटच्या कडेला बसली.

आकडे आणि वार उतरले. मग गावं सुरू झाली. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत होती, त्या क्रमानं एकेक नाव पडद्यावर येत होतं. अंबाजोगाई, आष्टी, बीड, चौसाळा. चौसाळ्यानंतर किती उतरलं ते दाखवणारी निळी पट्टी थांबली. वरची टकटक थांबली. मी जिना चढून गेलो तेव्हा दादा यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवून उभा होता.

दसऱ्यानंतर दुरुस्तीवाला आला. डिस्क फिरली नाही. ती पुण्याला पाठवली, तिथून तशीच परत आली. खालच्या कॉम्प्युटरवर उतरलेल्या सगळ्या फायली मी एकेक करून लावून पाहिल्या. त्यातली शेवटची पूर्ण फाइल चौसाळ्याची होती. घर नावाचं फोल्डर उतरलं नव्हतं.