बत्तीस पिक्सेलची पट्टी

पडद्याच्या तळाशी मेनूची पट्टी आहे, बत्तीस पिक्सेल उंच, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. जुना संगणक हलका चालावा म्हणून मी त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली, खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम एकीकडून घेतला आणि ही पट्टी दुसरीकडून. दोघंही आपापलं काम चोख करतात. पण पट्टीने किती जागा अडवली आहे हे खिडक्यांना कळतच नाही, त्यामुळे प्रत्येक खिडकीचा तळ पट्टीखाली जातो. आज लेकीच्या व्हिडिओ कॉलमध्ये माइक सुरू करायचं बटण नेमकं तिथेच दडलं. तिला आईचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

"तुमची ती पट्टी काढून टाका हो," बायको म्हणाली.

"थांब, सेटिंगमध्ये एक ओळ बदलली की झालं."

एकीच्या तीन झाल्या, तरी काही हललं नाही. घरातही असंच होत असावं. जो तो आपलं काम नेटाने करत असतो, पण आपण कोणाची जागा अडवतो आहोत हे त्याच्या ध्यानात येत नाही.

शेवटी वैतागून पट्टीच बंद केली आणि खालचं माइकचं बटण दाबलं.

"आला आवाज," लेक म्हणाली. "पण आई, मला आता कामावर निघायला हवं गं."

"जेवलीस का, एवढं तरी सांग," बायको म्हणाली.