कंपनी बुडालेल्या गाडीचा पंप

त्या दसऱ्याची सकाळ मी अजून विसरलेलो नाही. साठीचे दशक संपत आले होते. मी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, रेवदंड्याच्या बाजूला फौजदार होतो. ठाण्यात रायफली पुसून शस्त्रपूजेची मांडणी चालली होती, तेवढ्यात नारळ-सुपारीचे एक बागायतदार तणतणत आले. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या अमेरिकन गाडीचा पाण्याचा पंप चोरीला गेला होता.

गाडीचे नाव लिहीत नाही. आमच्या हद्दीत त्या बनावटीच्या दोनच गाड्या होत्या, जुने लोक लगेच मालक ओळखतील. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास या गाडीचा तोरा काही औरच होता. पुढचे तोंड कुठले नि मागचे कुठले, अशी लोक चेष्टा करत, पण मुंबईचे डॉक्टर-वकील तिच्यासाठी थांबायला तयार असत. नानांनी ती आणली तेव्हा आसपासच्या गावांतून माणसे बघायला आली होती. मग परदेशी गाड्या येणे थांबले, सुटे भाग मिळेनासे झाले आणि शेवटी तिकडे अमेरिकेत कंपनीनेच गाड्या बनवणे सोडले. आता नानांची गाडी वर्षभर शेडमध्ये उभी असे. दसऱ्याला तेवढी हार घालून देवळापर्यंत जाई. त्या सकाळी तिच्या रेडिएटरमध्ये ओतलेली घागर थेट नानांच्या धोतरावर आली.

मी पंचनाम्याला गेलो. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून नाना पावसाळ्यापूर्वी सगळ्या इंजिनाला उंडीचे तेल चोपडत, होड्यांना लावतात तेच. शेडमध्ये त्याचा उग्र वास कोंदला होता.

ठाण्यात परतलो तो एका वाण्याने खबर दिली. नानांचा गडी आठ दिवसांपूर्वी भंगारवाल्याकडे पोते घेऊन जाताना त्याला दिसला होता. मी गड्याला बोलावून घेतले. वीस वर्षे तो बायकोसह नानांच्या बागेतल्या खोपीत राहत होता.

"फुटकी कुदळ इकली साहेब. पंप म्हंजी काय त्येच मला ठाव न्हाय," एवढेच तो सांगे. मी दरडावले, तासन् तास बसवून ठेवले. उत्तर बदलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन पुन्हा शेडमध्ये गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी नजरेतून सुटलेली गोष्ट दिसली. पंप काढणाऱ्याने बोल्ट परत आपापल्या भोकांत बसवले होते. पंखा नि पट्टा कापडात गुंडाळून सीटवर ठेवला होता. भंगार विकणारा एवढी काळजी घेत नाही. मी गड्याच्या हातात पाना दिला आणि एक बोल्ट काढायला सांगितले. त्याने सगळा जोर लावून तो उलटा फिरवला आणि आणखी घट्ट केला. नाटक करणारा चाचपडतो, असा जोर लावत नाही.

मी त्याला सोडले, पण नाना ऐकेनात. "आठ दिवसांत खोपी रिकामी कर," असे त्यांनी त्याला बजावले. या वयात नवराबायको जाणार कुठे, हा विचार मला जेवू देईना.

तीन दिवसांनी कोर्टाच्या तारखेला टॅक्सीने अलिबागला निघालो. टॅक्सी म्हणजे तीच दुसरी अमेरिकन गाडी. चौल सोडले, इंजीन तापले आणि उंडीच्या तेलाचा वास गाडीत भरला. वाण्याची खबर इतकी सोपी होती की या गाडीचा मी विचारच केला नव्हता. स्वतःचाच राग आला.

"बॉनेट उघड," मी म्हणालो. चालकाने गाडी कडेला घेतली आणि तिथेच कबूल झाला.

"मुंबैची सगळी दुकानं पालथी घातली साहेब. कंपनीच बुडाली, मागायचा कुनाकडं? नानांची गाडी उबीच व्हती."

"नानांकडे मागायचा."

"न्हाय म्हनाले आसते."

नानांना मी हे जसेच्या तसे सांगितले. "म्हणालो असतो खरा," ते म्हणाले. पुढे कोर्टाने चालकाला ताकीद देऊन सोडले. नानांनी त्याला पंप तर दिलाच, उरलेल्या गाडीतून लागेल ते न्यायची मुभाही दिली. दोन गाड्यांची एक होऊन ती टॅक्सी पुढे कित्येक वर्षे धावली.

चालक कबूल झाला त्याच संध्याकाळी मी गड्याला ठाण्यात बोलावून खरा चोर सापडल्याचे नि त्याच्यावरचा आळ गेल्याचे सांगितले. तो जागचा हलेना.

"तुमाला ठाव, मला ठाव. बाजारात कुनाला ठाव हाय? बायको इहिरीवर गेली का बाया आपली घागर बाजूला घेत्यात."

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या वेळी मी गणवेश घालून त्याच्याबरोबर पेठेतून चालत निघालो. त्या वाण्याच्या दुकानापुढे थांबून मोठ्याने सांगितले, "चोर सापडला आहे. हा माणूस निर्दोष आहे, चूक माझी झाली." विहिरीवरही तेच सांगितले. नाना बरोबर होते. त्यांनी सगळ्यांदेखत गड्याचा हात धरला आणि म्हणाले, "घरी चल." गडी रडला. माझेही डोळे भरून आले.

त्यानंतरच्या नोकरीत चुकून आणलेल्या प्रत्येक माणसाला मी स्वतः, दिवसाउजेडी, शेजाऱ्यांच्या देखत घरी पोचवले. पोलिसाने असे चारचौघांत नमावे हे काही वरिष्ठांना आवडत नसे. मी मात्र ते शेवटपर्यंत सोडले नाही.