भिंतीबाहेर बघणारी बकरी

संग्रहालयात त्यांना सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का, हे गवंडी ओळंबा सोडून बघतो. यांना नुसती नजर पुरे. एकतीस वर्षं चित्रं टांगली, पण एक चौकट तिरकी गेली नाही. घरी बायको मात्र म्हणे, "बाहेर सगळं सुतासारखं सरळ, आणि घरातलं कॅलेंडर वर्षभर वाकडं."

त्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि ऑफिसात कुजबुज सुरू झाली. एक कंपनी म्हणे लेझरनं मापं घेऊन दोन दिवसांत अख्खं दालन टांगून देते. प्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलं, "काका, हे एक प्रदर्शन तुम्ही लावा. मग ठरवू." निवृत्तीला दोन वर्षं होती. टांगणी हातची गेली तर ती दोन वर्षं दाराशी स्टुलावर बसून काढायची, हे त्यांना न सांगता कळलं.

प्रदर्शन होतं मुलांच्या पुस्तकांतल्या प्राण्यांच्या चित्रांचं. फुगलेले बेडूक होते, चष्मा लावलेलं अस्वल होतं, आणि मधल्या लांब भिंतीवर एका बकरीची बारा चित्रं. ती एका म्हाताऱ्या चित्रकार बाईंची, शब्द एकही नसलेली. चौकटी काकांनीच केल्या, मागे खाकी कागद नीट चिकटवला. चित्रांमागे लिहिलेले क्रमांक त्या कागदाखाली गेले. यादीही होती, पण काकांना यादीपेक्षा आपल्या नियमाचा भरवसा. नियम त्यांच्या गुरूचा: डावीकडच्या टोकाचं तोंड उजवीकडे हवं, उजवीकडच्याचं डावीकडे. भिंतीबाहेर बघणारं चित्र माणसालाही दालनाबाहेर काढतं. यादीतलं पहिलं आणि शेवटचं चित्र नेमकं उलटं बघत होतं. काकांनी त्यांची अदलाबदल केली. प्रमुख बाई बघून गेल्या. "छान," एवढंच म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी झाडलोटवाली मावशी डावीकडून उजवीकडे झाडत आली. एकेका चित्रापुढे थांबत होती. शेवटाला पोचल्यावर म्हणाली, "ओळंबाकाका, ही बकरी येडी आहे का हो?"

"का गं?"

"तिकडे पहिल्याच चित्रात करडू घेऊन घरात शिरतीये. मग अकरा चित्रं शोधतीये काय? हरवायच्या आधीच सापडलं की."

काका हसले. मग पहिल्या चित्रापासून ओळीनं बघायला लागले, आणि हसू तिसऱ्या चित्राशीच गेलं. इतके दिवस त्यांनी फक्त तोंडं बघितली होती. गोष्ट बघितलीच नव्हती.

साडेनऊ वाजलेले. चित्रकार बाई अकराला येणार. दोन्ही चित्रांची मापं वेगळी, म्हणजे नवी भोकं पाडा, जुनी बुजवा, रंग लावा. आणि मुख्य म्हणजे सांगा. गप्प बसलं तर गर्दीत कदाचित चित्रकार बाईंच्याही लक्षात येणार नाही. प्रमुख बाईंना तरी कुठे कळलं होतं?

"मावशी, कुणाला बोलली नाहीस ना?"

"मी कुणाला बोलणार? पण पोरं येतील ना, ती बोलतील."

काकांनी डोळे मिटून क्षणभर देवाचं नाव घेतलं आणि जिना चढले. केबिनमध्ये उभ्यानंच सांगितलं. प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं.

"यादी दिली होती ना, काका?"

"दिली होती. माझंच शहाणपण नडलं."

"किती वेळ लागेल?"

"एक तास. रंग ओला राहील."

"मग उभे काय राहिलात?"

मावशीनं शिडी धरली. अकराला पाच मिनिटं असताना शेवटचा खिळा बसला. चित्रकार बाई काठी टेकत आल्या. पहिल्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. बकरी डावीकडे, थेट भिंतीबाहेर बघत होती. "बहुतेक ठिकाणी तोंड आत यावं म्हणून हिला दुसऱ्या टोकाला टाकतात," त्या म्हणाल्या. "करडू तिकडे हरवलंय, तर ती तिकडेच बघणार ना." मग भिंतीला हात लावायला गेल्या. काका पटकन म्हणाले, "ताई, रंग ओला आहे."

संध्याकाळी प्रमुख बाईंनी पुढच्या प्रदर्शनाची यादी त्यांच्या हातात दिली. तिच्याबरोबर त्या चित्रांची तीन पुस्तकंही होती.

"आधी वाचायची, मग टांगायची. कंपनीला मी नको म्हणून कळवलंय."

डोळ्याला अजून ताण द्यायचा नव्हता. म्हणून रात्री जेवणानंतर बायकोनं वाचलं आणि काकांनी ऐकलं. दुसरं पुस्तक संपल्यावर ते उठले आणि कॅलेंडर सरळ केलं.