ग्यानबा पेंटरची नऊ घरं

माझा धाकटा दीर ग्यानबा गोरेगावात दुकानांच्या पाट्या रंगवतो. हात देवाचा, पण बूड एका जागी टिकेल तर शपथ. चहा अर्धा पिला की सायकलवर. दुःख त्याला एकच: दुकानाचा मालक बदलला की पाटी पुसतेत, अन् तिच्यासंगं कोपऱ्यातलं ग्यानबाचं नावबी जातंय.

अठ्ठ्याण्णव साली शाळेनं त्याला आख्खी भिंत दिली. लोखंड, तांबं, सोनं, जगातल्या सगळ्या मूलद्रव्यांचा तक्ता काढायचा. एकेकाला एकेक घर. एकशेनऊ घरं भरली. शेवटच्या ओळीत नऊ रिकामी राहिली, पुस्तकातबी रिकामीच होती. ग्यानबाला वाटलं, ही पेंटरसाठीच सोडली. त्यानं एका घरात एक अक्षर बसवलं: ग्या, न, बा, पें, ट, र, गो, रे अन् शेवटी 'गाव'. बराबर नऊ. हेडमास्तर हसले, राहू दे म्हणले. ही भिंत कोण पुसतंय म्हणून गडी पाच वर्सं छाती काढून फिरला.

दोन हजार तीनला शाळेत शिवकन्या मॅडम आल्या, विज्ञानाच्या. त्यांनी ग्यानबाला बोलावून सांगितलं की एकशेदहाव्या द्रव्याला नाव मिळालंय, ते 'ग्या'च्या घरात लिहायचंय. ह्यानं विचारलं, कुठं सापडतंय ते? मॅडम म्हणल्या, कुठंच न्हाई, जर्मनीत यंत्रात बनवलंय, अन् पापणी लवायच्या आत मरतंय.

"पापणीभर जगणाऱ्यासाठी माझं नाव पुसू?"

मॅडम चिडल्या न्हाईत. म्हणल्या, एकशेतीस-पस्तीस वर्सांमागं रशियातल्या एका मास्तरानं असा तक्ता मांडला, तवा त्रेसष्टच द्रव्यं ठावूक होती. त्यानं मधी मधी घरं मोकळी सोडली, इथं कुणीतरी यायचंय म्हणला. लोकायला ते काई पटलं न्हाई. सहा वर्सांत पहिलं द्रव्य आलं, अन् बराबर त्याच्याच घरात बसलं.

त्या दिवशी ग्यानबा जेवला न्हाई. अंगणात नुसत्या चकरा. मला कुठं गप बसवतंय.

"काहून येरझारा घालून राहिले, भाऊजी? घर खाली करायची नोटीस आली का?"

एरवी उलटा टोला देणारा माणूस, तो थांबला.

"वैनी, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेत ना? ती घरं तशी धरलेली होती. मी लोकायच्या रुमालावर बसलो."

सकाळीच जाऊन त्यानं 'ग्या' पुसला. आता तुमी नुसते नबा पेंटर, म्हणून मी आठ दिवस छळलं. पुढच्या वर्सी एकशेअकरावं आलं, 'न'बी गेला. त्या दिवशी मात्र त्यानं कुणाला न विचारता उरलेल्या सातही घरांवर पांढरा रंग मारला. मी म्हणलं, अजून कुणी आलं न्हाई, एवढी घाई काहून? तर म्हणे, येणाऱ्याला उभं ठेवायचं का?

त्याला आता दोन वर्सं झाली, शाळेवरून जाताना रोज ब्रेक दाबतो. मॅडमला विचारतो, आलं का कुणी? त्या न्हाई म्हणल्या की तसाच फुर्र. भाकरी घरी इसरतो, पण नाव लिहायचा काळा रंग अन् ब्रश पिशवीत असतोच.