शेवटची दोन अंडी

आत्तींचं उजवं अंग लुळं पडलं आणि निपाणीजवळच्या गावातून त्यांना शहरात बनशंकरीला, आमच्या घरी आणावं लागलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. नवरा नोकरीसाठी परदेशात. तो फोनवर काळजी करायचा, उरलेली सगळी काळजी माझ्या वाट्याला. मी ऑफिसातून तीन महिन्यांची रजा घेतली होती. तेवढ्या दिवसांत आत्ती निदान आपल्या हातानं जेवायला लागल्या, तर दिवसभर एखादी बाई ठेवून मला कामावर जाता आलं असतं. नाहीतर नोकरी सोडायची, हे मनाशी ठरल्यातच जमा होतं.

आत्तींबरोबर त्यांची कोंबडीही आली. ती खुडूक झाली होती आणि तिला तिथं टाकून आत्ती गाडीत पाय ठेवायला तयार नव्हत्या. घरमालकीण खालीच राहतात, त्यांच्याकडं कांदासुद्धा जपून खातात. मी हात जोडून कानडीत म्हटलं, अक्का, स्वल्प दिवस, थोडेच दिवस. त्यांनी नाकाला पदर लावून सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वर येऊन, पिल्लं कधी निघणार, म्हणून विचारू लागल्या. स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत, वॉशिंग मशीनशेजारी, गावाहून तांदळात पुरून आणलेली दहा अंडी टोपलीत मांडली आणि कोंबडी बसली. आत्ती दारात खुर्ची टाकून तिच्याकडं बघत बसायच्या. एकीनं उठायचं नाही आणि दुसरीला उठता येत नाही, असं ते घर.

मी मात्र दिवसभर उभी. आत्तींना न्हाऊ घालणं, औषधं, कपडे, व्यायाम. जेवायला त्यांच्या डाव्या हातात चमचा दिला की अर्धा भात अंगावर सांडायचा, घास तोंडात जाईपर्यंत आमटी गार व्हायची. पहिले चार दिवस मी धीर धरला. पाचव्या दिवसापासून चमचा मीच घेतला. दहा मिनिटांत जेवण उरकायचं, साडी बदलावी लागायची नाही. आत्ती तोंड उघडायच्या, मी भरवायची. त्यांच्या डोळ्यांकडं बघायचं मी टाळत होते, हे आज कबूल करते.

एकविसाव्या दिवशी सकाळी टोपलीतून चिवचिव ऐकू आली. कोंबडीच्या पंखाखाली हात घातला तर ओलसर, गरम, थरथरती पिल्लं बोटांना लागली. आठ निघाली होती. उरलेल्या दोन अंड्यांना आतून चोचीनं पाडलेली बारीक भोकं होती. आणि टरफलांच्या वासानं लाल मुंग्यांची रांग टोपलीपर्यंत येऊन पोचली होती. दहा वाजता व्यायाम शिकवणारी बाई यायची होती. आत्ती आतल्या खोलीत झोपल्या होत्या, मोरीत कपडे भिजत होते.

शेवटचं अंडं फुटेपर्यंत पहिली पिल्लं उचलायची नाहीत, हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. पिल्लं हलली की आई उठते आणि मागं राहिलेल्या अंड्यांकडं वळूनही बघत नाही. माझ्या माहेरी कोंबड्या होत्या, मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी आठही पिल्लं एकेक करून काढली, कुरिअरच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरून त्यात ठेवली, वर टेबललॅम्प लावला आणि मुंग्या पुसल्या. चला, एक काम हातावेगळं झालं, असं वाटून मी आत गेले.

अकरा वाजता येऊन बघते तो कोंबडी खोक्याभोवती पिसं फुलवून येरझाऱ्या घालत होती. दोन अंडी टोपलीत उघडी, गार पडलेली. तिला धरून परत बसवायला गेले तर तिनं मनगटावर चोच मारून रक्त काढलं. मी खाली फरशीवर बसले आणि रडले. अंड्यांसाठी रडले की सगळ्याच गोष्टींसाठी, कोण जाणे.

आवाजानं आत्तींनी हाक मारली. मी दोन्ही अंडी घेऊन त्यांच्यापुढं गेले आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी अंड्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांचं बोलणं जड, एकेक शब्द ओढून आणावा लागायचा.

"कशाला उचललीस?"

त्यांनी डावा हात पुढं केला. एक अंडं घेतलं, कानाशी लावून ऐकलं आणि पदराखाली छातीशी धरलं. दुसरं मला ठेवायला खुणावलं. मीही ते गळ्याशी धरून त्यांच्यासमोर बसले. पण माझं बसणं ते कसलं. कुकरची शिट्टी झाली, उठले. दाराची बेल वाजली, उठले. पिल्लांना पाणी ठेवायला, कोंबडीपुढं कण्या टाकायला, भिजलेले कपडे पिळायला उठले. दर वेळी अंडं एका हातातून दुसऱ्या हातात. आत्तींना बसण्याशिवाय काही येतच नव्हतं. त्या बसून राहिल्या, दुपारभर, हात न हलवता.

चार वाजता त्यांच्या पदराखाली पिल्लू बाहेर आलं. माझ्या अंड्यातली टकटक त्याच्या आधीच थांबली होती.

दिवे लागायच्या वेळी कोंबडी खोक्यातून तिच्यापुढं सोडलेली आठ पिल्लं पोटाखाली घेऊन कोपऱ्यात निवांत बसली. नवं पिल्लू तिच्याखाली सरकवायचं ते याच वेळी, अंधूक उजेडात, म्हणजे ती परकं मानत नाही. आत्ती म्हणाल्या, मीच घालणार. मी त्यांना धरून नेलं, बुटक्या स्टुलावर बसवलं. वाकताना त्यांचा हात एवढा कापत होता की पिल्लू आता पडतंय, असं वाटलं. मी खाली ओंजळ धरली.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

मी हात काढला. तो कापरा हात हळूहळू खाली गेला. कोंबडीनं एकदा टोचलं, त्यांनी मागं घेतला नाही. पिल्लू आत सरकलं आणि कोंबडीनं पंख मिटला. आत्ती तशाच वाकून बराच वेळ ऐकत राहिल्या.

रात्री ताट वाढलं आणि सवयीनं चमचा उचलला. आत्तींनी तोंड उघडलं नाही. त्या नुसत्या माझ्या हाताकडं बघत होत्या. मी चमचा ताटात ठेवला, समोर बसले आणि हात मांडीवर घेतले. जेवण तासभर चाललं. भात साडीवर, खुर्चीवर, फरशीवर. माझी पाठ दुखत होती, झोप डोळ्यांवर आली होती आणि पुसायला उठावं म्हणून हात नुसते शिवशिवत होते. मेलेलं अंडं अजून ओट्यावर वाटीत होतं. त्याच्याकडं बघत मी बसून राहिले, आत्तींचं ताट रिकामं होईपर्यंत.