अर्कुवार म्हणजे गाऱ्हाणं

मुलुंडला आमच्या सरांच्या घरी दर रविवारी सकाळी मंडळ बसायचं. मंडळ म्हणजे काय, तर सर, बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे दोन चेले आणि शब्दांची कार्डं लिहायला मी. विषय हित्ती भाषा. आज जिथे तुर्कस्तान आहे तिथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाट्यांवर खिळ्यांसारख्या अक्षरांत लिहिलेली. त्यातलं एकही अक्षर चेल्यांना वाचता येत नव्हतं, पण माना अशा डोलवायचे की बघत राहावं. मी जायचो कारण सर माझे पीएच.डी.चे गाईड होते आणि त्यांच्या सहीशिवाय माझं काहीच पुढे सरकणार नव्हतं.

त्या वर्षी सर एका शब्दावर अडून बसले होते. अर्कुवार. हित्ती राजा देवापुढे उभा राहून जे बोलायचा, ते अर्कुवार. सरांचं म्हणणं, हा आपल्या ‘अर्च्’ धातूचा सख्खा भाऊ. ऋचा, अर्चना, सगळं एकाच मुळातलं, तेव्हा अर्कुवार म्हणजे स्तुती, विषय संपला. दुसरं मत असं होतं की शब्दाचं मूळ वेगळं आहे. उजळ करणं, म्हणजे आपला मुद्दा स्पष्ट मांडणं. ते मत परदेशी विद्वानांचं म्हणून सरांना चालत नव्हतं. पहिलंही परदेशीच होतं, पण कोण बोलणार! एका चेल्याला तर साक्षात्कारच झाला. म्हणाला, सर, देवापुढे अर्ज करतो तो अर्कुवार. अर्ज अरबीतून आलाय हे मी सांगेपर्यंत त्याचं कार्ड झालंसुद्धा होतं, माझ्याच अक्षरात.

मी भाषांतरं वाचली होती. राजा स्तुती-बिती काही करत नव्हता. राज्यात साथ आली होती, माणसं पटापट मरत होती, आणि हा देवांना सरळ विचारत होता: चूक माझ्या बापाची, ती मी कबूल केली, भरपाईही दिली, आता तुमच्या नैवेद्याच्या भाकऱ्या भाजणारेच मेले तर तुम्ही खाणार काय? हे मी जन्मापासून ऐकत आलो होतो. घाटकोपरला भटवाडीत आमची चाळ, सगळी कोकणातली माणसं. पूजेला एक जण हातात नारळ घेऊन देवापुढे सगळ्यांची बाजू मांडतो आणि बाकीचे दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याला आम्ही गाऱ्हाणं घालणं म्हणतो. दोन शब्दांचं नातं शून्य, पण काम तेच. एका रविवारी हे माझ्या तोंडून निसटलं आणि वाट लागली. सर म्हणाले, जिवंत परंपरा! टेपरेकॉर्डर घेऊन येतो.

वाट लागली अशासाठी की चाळीत गाऱ्हाणं घालायचे ते माझे बाबा. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. संपानंतर गिरणी काही त्यांच्यासाठी उघडली नाही, तेव्हापासून एका सोसायटीत वॉचमन. आणि मी, शहाणा, मुलुंडला सांगून बसलो होतो की वडील टेक्सटाइलमध्ये आहेत, सारखे फिरतीवर असतात. लाज वाटायची मला त्यांची. आज हे लिहिताना जी वाटते ती वेगळी.

सत्यनारायणाच्या दिवशी सर दुपारी आले, टेपरेकॉर्डर आणि दोन्ही चेल्यांसकट. बाबा पुढे झाले. मी म्हटलं, “हे आमच्या चाळीतले एक गृहस्थ. गाऱ्हाणं छान घालतात.” बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, सरांना हात जोडले आणि बसा म्हणाले.

मग ते नारळ घेऊन उभे राहिले. नेहमीचं सगळं झालं: पोराबाळांची दुखणी, नळाचं पाणी, ज्यांची कामं गेली त्यांना कामं. चाळ व्हय म्हाराजा म्हणत होती. सर डोळे मिटून बसले होते, जणू स्वतः हित्ती राजाच समोर उभा आहे. शेवटी बाबांचा आवाज खाली आला.

“बा देवा म्हाराजा, माझो झील शिकलो, मोठ्या लोकांत बसाक लागलो, बरा झाला. पण तेका बापाची वळख रवली नाय. ती तेका परत दी रे म्हाराजा.”

व्हय म्हाराजा म्हणताना सगळी चाळ माझ्याकडे बघत होती.

सरांना मालवणीचा गंध नव्हता. त्यांनी घाईघाईने कार्ड काढलं आणि पुटपुटत लिहिलं: झील, म्हणजे सरोवर, जलदेवतेचा उल्लेख? मग माझ्याकडे वळून विचारलं, बरोबर ना? चेल्यांच्या माना आधीच डोलायला लागल्या होत्या. मला फक्त नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, हो सर, जलदेवताच असावी.

बाबा दोन हातांवर होते. नारळ देवापुढे ठेवून शांतपणे म्हणाले, “सरोवर नाय, साहेब. झील म्हणजे मुलगो.”

सरांनी मोठ्या खुशीत सरोवर खोडलं, मुलगा लिहिलं आणि विचारलं, “कोणाचा?”

“माझो.”

“अस्सं. कुठे असतो?”

“ह्यो काय, तुमच्या बाजूक उभो आसा.”

सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाजू मांडायची पाळी आता माझी होती, आणि मी सरांसाठी रिक्षा बघून येतो म्हणालो आणि चाळीच्या बाहेर निघून गेलो.